शिकणारे डॉक्टर आणि तुमचं ऑपरेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर रामबाग, सुदामानगर, तिलकनगरच्या मराठी घरांतून फोन येतात, देवास-धारहूनही येतात. "एमवायला भरती केलंय, पण तिथे सगळे शिकणारे डॉक्टर असतात म्हणे. आता काय करायचं?" असा बहुतेकांचा सूर असतो. (एमवाय म्हणजे इंदूरचं सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटल.) तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या आजाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

1. शिकणारे डॉक्टर म्हणजे नक्की कोण? एमबीबीएसची मुलं ऑपरेशन करतात का?

नाही, एमबीबीएसची मुलं बघतात, प्रश्न विचारतात, पेशंट तपासायला शिकतात. ऑपरेशन ती करत नाहीत.

घोळ होतो तो पांढऱ्या कोटामुळे, कारण एकाच कोटात निरनिराळ्या पायऱ्यांवरची माणसं असतात. इंटर्न म्हणजे एमबीबीएसची परीक्षा पास होऊन एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप करणारा. तो रक्त काढतो, ड्रेसिंग करतो, सलाइन लावतो. त्याच्या वरचा पीजी किंवा जेआर, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट. हा एमबीबीएस झालेला, नोंदणी असलेला डॉक्टर असतो आणि एमएसचा, म्हणजे सर्जरीतल्या पदव्युत्तर पदवीचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम करत असतो. त्याच्या वर एसआर, म्हणजे सीनिअर रेसिडेंट. त्याचं एमएस झालेलं असतं. मग असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर आणि युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या तुकडीचे, प्रमुख. लोक ज्याला "शिकाऊ" म्हणतात तो बहुतेक वेळा पीजी असतो. खाली मी शिकणारा डॉक्टर म्हणते तेव्हा पीजीच समजा.

इंदूरला हे नवीन नाही. किंग एडवर्ड मेडिकल स्कूल इथे 1878 मध्ये निघालं आणि महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज 1948 मध्ये. आज शहरात प्रॅक्टिस करणारे कितीतरी सर्जन याच वॉर्डांतून शिकून बाहेर पडले आहेत.

2. मग माझं ऑपरेशन सर करणार की पीजी?

बहुतेक वेळा दोघं मिळून. ऑपरेशन हे एक काम नसतं, ती कामांची ओळ असते. हर्नियाचं उदाहरण घ्या. पोटाची जागा औषधाने पुसायची, हिरवी चादर लावायची, चीर द्यायची, थर उघडत जायचं, नसा सांभाळायच्या, हर्नियाची पिशवी मोकळी करायची, जाळी बसवायची, रक्त थांबलंय ना ते पाहायचं, थर बंद करायचे, कातडीला टाके घालायचे. पहिल्या वर्षाच्या पीजीच्या वाट्याला यातलं पुसणं, चादर, रिट्रॅक्टर (चीर उघडी ठेवायचं हत्यार) धरणं आणि शेवटचे टाके येतात. तिसऱ्या वर्षाचा पीजी सर समोर असताना जवळजवळ सगळं करतो.

प्रत्येक पीजीला लॉगबुक ठेवावं लागतं. हे ऑपरेशन आपण फक्त पाहिलं, मदत केली, कुणाच्या मदतीने केलं की स्वतः केलं, हे त्यात लिहायचं आणि शिक्षकाची सही घ्यायची.

टेबलाजवळ उभं राहिलं की हे आणखी स्पष्ट दिसतं. एरवी सर ऑपरेशन करणाऱ्याच्या जागी उभे असतात. पीजीला करू देतात तेव्हा ते समोरच्या बाजूला, मदतनिसाच्या जागी जातात. मग त्यांच्या हातात चिमटा असतो आणि पीजीची कात्री त्या चिमट्याच्या टोकापाशीच चालते. चिमटा उचलला की कात्री थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला पीजी ऑपरेशन करतोय असं वाटेल, पण कुठे कापायचं आणि कुठे नाही हे समोरचा ठरवत असतो. मी पाहिलेले चांगले शिक्षक असेच शिकवत. त्यांना आवाज चढवायची गरज पडत नसे.

3. खरं सांगा सिस्टर, पीजीचा हात लागला तर धोका वाढतो का?

यावर परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, भरपूर काम झालं आहे. एका मोठ्या अभ्यासात सारख्या प्रकारच्या सुमारे 60,000 पेशंटांची तुलना केली होती. काहींच्या ऑपरेशनमध्ये रेसिडेंट होते, काहींच्या नव्हते. महिनाभरातल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. रेसिडेंट असलेल्या ऑपरेशनांना सरासरी 25 मिनिटं जास्त लागली आणि वरवरच्या जखमेत पू होण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, साधारण 2 टक्क्यांच्या जागी 3 टक्के. इतर अभ्यासांचा कलही असाच आहे: किरकोळ गुंतागुंत किंचित जास्त, मृत्यू तितकेच किंवा थोडे कमी.

मृत्यू वाढत का नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. ऑपरेशननंतर माणूस दगावतो तो बऱ्याचदा टेबलावर नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डात. ताप चढतो, लघवी कमी होते, नाडी वाढते, आणि ते वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाही. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजताही वॉर्डात कुणीतरी डॉक्टर असतो, तोच ज्याला तुम्ही शिकाऊ म्हणता. अमेरिकेत 2 कोटींहून जास्त भरतींची नोंद तपासून 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांतला महिनाभराचा मृत्युदर न शिकवणाऱ्या हॉस्पिटलांपेक्षा टक्काभर कमी निघाला. ते पेशंट वयस्कर होते आणि सगळे ऑपरेशनवाले नव्हते. तिथली यंत्रणाही वेगळी. आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत, पण वॉर्डात जागा असलेला डॉक्टर किती मोलाचा हे त्यातून दिसतं.

आणखी एक. "मोठे सर" म्हणून सगळे सर्जन सारखे नसतात. मिशिगन राज्यात 20 सर्जनांच्या ऑपरेशनचे व्हिडिओ इतर सर्जनांना दाखवले आणि हाताला गुण द्यायला सांगितलं. सगळे शिक्षण पूर्ण केलेले होते. तरी कमी गुण मिळालेल्यांच्या पेशंटांमध्ये गुंतागुंत 14.5 टक्के होती आणि जास्त गुण मिळालेल्यांच्या पेशंटांमध्ये 5.2 टक्के. हा अभ्यास 2013 चा. तेव्हा "पीजी नको, सर्जन पाहिजे" एवढं म्हटलं की काळजी मिटली, असं होत नाही.

हे सगळे अभ्यास वरिष्ठांची देखरेख असलेल्या शिकणाऱ्यांबद्दल आहेत. देखरेखच नसेल तर यातलं एकही वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही. म्हणून पुढचा प्रश्न नीट वाचा.

4. सर खरंच थिएटरमध्ये असतील हे आम्हाला बाहेर बसून कसं कळणार?

मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तोच लोक सगळ्यांत कमी विचारतात. "विद्यार्थी असणार का" याने फारसं काही ठरत नाही. विद्यार्थ्याच्या समोर कोण उभं असणार, याने ठरतं.

देखरेखीच्याही तऱ्हा असतात. सर हात धुऊन, गाऊन घालून टेबलापाशी असतात. किंवा थिएटरमध्ये असतात पण टेबलापाशी नसतात. किंवा हॉस्पिटलात असतात आणि बोलावल्यावर येतात. किंवा घरी असतात आणि फोनवर सांगतात. गळू कापायला फोनवरचे सर चालतील, आतडं जोडायला चालणार नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी राउंडच्या वेळी, सगळ्यांसमोर पण शांतपणे, तीन गोष्टी विचारा. माझं ऑपरेशन कोणत्या सरांच्या जबाबदारीवर आहे? ते टेबलावर असतील का? मध्येच काही अडलं तर कोणाला बोलावणार आणि ते किती वेळात येतील? हे विचारणं उद्धटपणा नाही. "डॉक्टरसाहेब, घरच्यांना सांगायचं आहे म्हणून विचारतो" अशी सुरुवात केली की उत्तर मिळतं. एमवायसारख्या ठिकाणी पेशंट युनिटवर भरती होतो. केसपेपरवर युनिटचं आणि प्रमुखांचं नाव असतं, ते टिपून ठेवा.

ऑपरेशन झाल्यावर ऑपरेशन नोट लिहितात. त्यात सर्जन, असिस्टंट आणि भूल देणारे डॉक्टर यांची नावं असतात. ती तुम्हाला मागता येते (प्रश्न 15).

थिएटरच्या आतही एक सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी काढली. चीर देण्यापूर्वी सगळ्यांनी थांबायचं, प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, पेशंट कोण, कोणती बाजू, कोणतं ऑपरेशन हे मोठ्याने बोलायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. नाव सांगण्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. जो पोरगा नाव सांगून बोलता झाला, तोच पुढे "सर, एक स्पंज कमी आहे" असं म्हणायला कचरत नाही.

5. ऑपरेशनला जास्त वेळ लागला तर भूलही जास्त दिली जाते ना?

हो, भूल तेवढा वेळ चालू ठेवावी लागते. तब्येत ठीक असलेल्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांनी सहसा काही होत नाही. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, साखर वाढलेली असेल, तर वेळेचा विचार व्हायला हवा. शिकवणारे सर तो करतातच आणि अशा पेशंटमध्ये अवघड टप्पा स्वतः उरकतात. तपासणीला भुलेचे डॉक्टर येतील तेव्हा आपले आजार, गोळ्या, आधीची ऑपरेशनं सगळी सांगा. लपवू नका.

6. रात्री अपेंडिक्स फुटलं. सर घरी होते, एसआर आणि पीजीनेच ऑपरेशन केलं. हे चुकीचं नाही का?

रात्रीच्या इमर्जन्सीत हे सर्रास होतं आणि प्रत्येक वेळी चुकीचं नसतं. एसआर हा एमएस झालेला सर्जन असतो हे विसरू नका. फुटलेल्या अपेंडिक्सला तो पुरेसा आहे. सरांची वाट पाहत पू पोटभर पसरू देण्यापेक्षा त्याने वेळेवर सुरुवात केलेली बरी.

पण रात्र हीच शिकवणाऱ्या हॉस्पिटलची कमजोर जागा आहे, हे मी स्पष्ट लिहिते. दिवसा ज्या टेबलाभोवती पाच माणसं असतात तिथे रात्री तीन असतात. अपघाताचे पेशंट आग्रा-मुंबई रस्त्यावरून येत राहतात आणि तोच पीजी कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), वॉर्ड आणि थिएटर अशा तिन्ही ठिकाणी हवा असतो. अशा वेळी एकच सवय माणसं वाचवते: वरच्याला लवकर फोन करणं. काही पोरं फोन करायला घाबरतात, कारण सर रागावतील, म्हणतील एवढंही जमत नाही. ज्या युनिटमध्ये रात्री फोन केल्याबद्दल कुणी रागावत नाही, ते युनिट चांगलं. वरिष्ठ डॉक्टरांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे की तुमच्या पोरांना हे तोंडाने सांगा. नुसतं गृहीत धरू नका.

नातेवाइकांनी रात्री एवढंच विचारावं: "वरच्या सरांना कळवलंय का? ते काय म्हणाले?" पीजीला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. पुष्कळदा फोन उचलायला त्यामुळे जोर येतो.

7. ही मुलं छत्तीस-छत्तीस तास जागी असतात. झोपेत असलेल्याने माझ्या बाबांचं पोट उघडायचं का?

झोप हा खरा प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दवाखान्यात दगावली. ती सर्जरीची पेशंट नव्हती, पण थकलेले आणि देखरेख नसलेले रेसिडेंट हा मुद्दा त्या प्रकरणातून पुढे आला. पुढे 2003 मध्ये अमेरिकेत सगळ्या रेसिडेंटांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली गेली.

मग 2016 मध्ये सर्जरीच्या 117 प्रशिक्षण केंद्रांतल्या 1,38,000 हून अधिक पेशंटांचा अभ्यास आला. एका गटाला सलग ड्यूटीचे कडक नियम होते, दुसऱ्याला ढील होती. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत एकीकडे 9.0 टक्के, दुसरीकडे 9.1 टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. हे दाखवून कुणी म्हणतं की बघा, जागरणाने काही बिघडत नाही. मला ते पटत नाही. त्या दोन्ही गटांना आठवड्याची 80 तासांची मर्यादा होतीच. मर्यादाच नसलेल्या वॉर्डाला तो निष्कर्ष लावता येत नाही.

आपल्याकडे 2023 च्या पीजी नियमांत "वाजवी तास" आणि विश्रांती एवढंच म्हटलं आहे, आकडा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांच्या वर काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी अशी शिफारस केली.

तुमच्या हातात काय आहे? ठरवलेलं ऑपरेशन असेल तर ते युनिटच्या ओटीच्या (ऑपरेशनच्या) दिवशी सकाळीच होतं. ते रेंगाळत संध्याकाळवर गेलं आणि उद्यावर टाकलं, तर चिडू नका. थकलेल्या टीमने "आज नको" म्हणणं तुमच्या भल्याचं आहे.

8. नवी बॅच आली की त्या महिन्यात ऑपरेशन टाळावं का?

परदेशात बॅच ठरलेल्या महिन्यात बदलते, म्हणून तिथे या विषयावर अभ्यास होतात आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडे नीट पीजी (पीजीची प्रवेशपरीक्षा) आणि काउन्सेलिंगच्या तारखा मागेपुढे होत असतात, तेव्हा असा महिना सांगताच येणार नाही. नव्या पीजीला पहिले काही महिने ऑपरेशन मिळतही नाही, तो फॉर्म भरतो आणि रिपोर्ट आणायला पळतो. घोळ झालाच तर तिथे होतो. हातातले रिपोर्ट स्वतः सांभाळा, ऑपरेशनची बाजू डावी की उजवी हे प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगा, औषधाची ॲलर्जी असेल तर दर वेळी सांगा.

9. मी पीजीला नकार देऊ शकतो का? आयुष्मान कार्डवर उपचार फुकट आहेत म्हणून गप्प बसावं लागतं का?

फुकट उपचाराने तुमचा हक्क कमी होत नाही. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ती योजना आहे, उपकार नव्हे. कोणत्याही तपासणीला किंवा शस्त्रक्रियेला नाही म्हणायचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे.

मात्र "माझ्या ऑपरेशनला एकही शिकणारा नको" ही अट शिकवणाऱ्या हॉस्पिटलात पाळणं कठीण. मोठं ऑपरेशन एकट्या माणसाचं काम नाही. पीजी काढून टाकला तर रिट्रॅक्टर कोण धरणार, कॅमेरा कोण धरणार, रात्री ड्रेन (जखमेतून बाहेर काढलेली नळी) कोण तपासणार? मागायचंच असेल तर हे मागा: "मुख्य भाग सरांनी करावा, मला भीती वाटते." ही मागणी वाजवी आहे. ती ऐकली जाईल अशी खात्री देता येत नाही, पण बोलल्याशिवाय कुणाला कळणारही नाही. इमर्जन्सीत मात्र ही वाटाघाट करत बसू नका (प्रश्न 6).

10. सही घ्यायला इंटर्न आला, फॉर्म हिंदीत होता, घाईने सही केली. ती चालते का?

सही असली म्हणजे संमती झाली असं कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात हे नीट मांडलं आहे. तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या बाईंचं गर्भाशय आणि अंडाशय आईची सही घेऊन काढलं होतं. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, तिची स्वतःची संमती हवी, आणि एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. जिवावर बेतलं असेल तेवढाच अपवाद. ऑपरेशन काय आहे, कशासाठी, दुसरा इलाज कोणता, मोठे धोके कोणते, न केल्यास काय होईल, हे समजेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरचं काम आहे.

समजावून सांगणाऱ्याला ते ऑपरेशन माहीत असायला हवं. इंटर्नला उत्तर देता आलं नाही तर म्हणा, "पीजी किंवा एसआर सरांना बोलवा, मग सही करतो." घरातल्या आजीला हिंदी नीट समजत नसेल तर मुलाने-सुनेने मराठीत समजावून सांगावं आणि डॉक्टर समोर असतानाच शंका विचाराव्यात. बऱ्याच फॉर्मवर "अमुक डॉक्टर व त्यांचे सहकारी" असं असतं. पीजीचा सहभाग त्या "सहकारी"मध्ये येतो. तिथेच बोट ठेवून प्रश्न 4 मधले तीन प्रश्न विचारायचे.

11. आम्ही पैसे भरून प्रायव्हेटला गेलो. तिथे तरी फक्त मोठे सर्जनच असतील ना?

खात्री धरू नका. इंदूरला खासगी मेडिकल कॉलेजं आहेत, त्यांच्या हॉस्पिटलांत पीजी असतात. बऱ्याच मोठ्या खासगी हॉस्पिटलांत राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीएनबी अभ्यासक्रम चालतो, तिथलेही रेसिडेंट शिकणारेच. त्यात वाईट काही नाही. पण विशिष्ट सर्जनच्या नावावर तुम्ही पैसे भरले असतील आणि ऑपरेशन दुसऱ्याच कुणी केलं, तर ती फसवणूक आहे. संमतिपत्रावर त्या सर्जनचं नाव लिहिलेलं आहे का ते सहीपूर्वी बघा. जिथे एकही शिकणारा नाही अशा छोट्या नर्सिंग होममध्ये जाणार असाल, तर रात्री वॉर्डात एमबीबीएस डॉक्टर असतो की नाही हे जरूर विचारा (कारण प्रश्न 3 मध्ये आहे).

12. दुर्बिणीने पित्ताशय काढायचंय. पीजी माझ्यावरच पहिल्यांदा शिकणार का?

शिकायला आधी खोका असतो. बंद पेटीत कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं घालून पडद्यावर बघत दोरा ओवायचा, गाठ मारायची, मणी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर ठेवायचे. संगणकावर सराव केलेल्या आणि न केलेल्या रेसिडेंटांची तुलना 2002 मध्ये छापून आली. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के लवकर केलं, आणि न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याचा संभव पाचपट होता. संख्या लहान होती, फक्त 16 जण, पण फरक ठळक होता.

खोक्यानंतर पीजी कितीतरी ऑपरेशनांत नुसता कॅमेरा धरतो. हे कमी दर्जाचं काम नाही. कॅमेरा हलला तर सर आंधळे होतात.

या ऑपरेशनचा खरा धोका म्हणजे पित्ताची मुख्य नळी चुकून कापली जाणं. हजारात साधारण तीन ते पाच पेशंटांत ते घडतं. ते टाळण्यासाठी 1995 पासून एक पद्धत रूढ आहे: पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, पूर्ण साफ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. पीजी करत असेल तर क्लिप लावण्यापूर्वी सर थांबवतात आणि विचारतात, "क्या दिख रहा है, बता." पडद्यावर बोट ठेवून बरोबर उत्तर आलं तरच क्लिप पुढे जाते. नाही आलं तर हत्यार सरांच्या हातात जातं. सगळं चिकटलेलं असेल तर दुर्बीण काढून पोट उघडतात. त्याला अपयश म्हणू नका, तो शहाणपणाचा निर्णय असतो.

13. तपासताना दहा-बारा विद्यार्थी बेडभोवती उभे राहतात. आईला फार संकोच होतो.

नाही म्हणता येतं, आणि त्यामुळे उपचार अडत नाहीत. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर असणं हा पेशंटच्या हक्कांच्या सनदेतला मुद्दा आहे. पडदा मागा, सिस्टरला बोलवा. ओळख पटेल असा फोटो तुमच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. मोबाइलवर कुणी फोटो घेत असेल तर कशासाठी ते विचारा. आणि जमत असेल तर एक-दोन विद्यार्थ्यांना तपासू द्या. पोटाला हात लावून सूज ओळखणं पुस्तकातून येत नाही.

14. स्पायनल (पाठीतून भूल) दिलं होतं, मी जागा होतो. सर म्हणाले, "नहीं, ऐसे नहीं, फिर से ले." माझं काहीतरी बिघडलं का?

हा प्रश्न पुष्कळ जण दबक्या आवाजात विचारतात. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं. टाका जरा लांब पडला, गाठ सैल बसली, तो काढून पुन्हा घातला, एवढंच. खरं म्हणजे त्या आवाजावरून तुम्हाला कळलं की सर समोर होते आणि सैल गाठ त्यांनी चालवून घेतली नाही. तरी मनात राहिलं असेल तर राउंडला सरळ विचारा. चांगली टीम जागा असलेल्या पेशंटला आधीच सांगते की आत शिकवण्याचं बोलणं कानावर पडेल.

15. काही चुकलं तर जबाबदार कोण? कागद कसे मिळवायचे?

जबाबदारी एकट्या पीजीची नसते. ज्या युनिटवर पेशंट आहे त्याच्या प्रमुखांची आणि हॉस्पिटलचीही असते. प्रत्येक गुंतागुंत म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हेही खरं. नीट केलेल्या ऑपरेशनच्या जखमेतही पू होतो.

आधी कागद मागा. पेशंटने किंवा अधिकृत नातेवाइकाने लेखी मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी देणं 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत डॉक्टरांना बंधनकारक आहे. नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. केसपेपर, संमतिपत्र, ऑपरेशन नोट, भुलेचा तक्ता, नर्सिंग चार्ट अशी नावं घालून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तक्रार आधी अधीक्षकांकडे करा. मग सीएम हेल्पलाइन 181 आणि राज्याची मेडिकल कौन्सिल आहे. ग्राहक न्यायालयाचं एक गुंतागुंतीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते ते हॉस्पिटल ग्राहक कायद्याबाहेर राहतं. काही पेशंट पैसे भरतात आणि काही भरत नाहीत असं असेल, तर फुकटवालाही ग्राहक ठरतो. इथे वकिलाचा सल्ला घ्या.

वॉर्डात आरडाओरडा आणि धक्काबुक्की मात्र करू नका. समोर सापडतो तो नेहमी सगळ्यांत लहान पीजी असतो. निर्णय त्याचा नसतो आणि त्या रात्री बाकीचा वॉर्डही त्याच्याच भरवशावर असतो.

16. जूडाचा (ज्युनिअर डॉक्टरांच्या संघटनेचा) संप सुरू झाला. उद्याचं ऑपरेशन होईल का?

ठरवलेली ऑपरेशनं बहुधा पुढे जातात. इमर्जन्सी प्राध्यापक आणि एसआर सांभाळतात, तेही अपुऱ्या हातांनी. ज्याला थांबवता येतं अशा ऑपरेशनसाठी आग्रह धरू नका. कॅन्सर, अडकलेला हर्निया किंवा वाढती कावीळ असेल तर युनिटच्या प्रमुखांना भेटून वेगळी सोय विचारा.

17. देवासच्या जिल्हा रुग्णालयात पीजी डॉक्टर भेटला. तो तिथे कसा?

पीजींना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. त्या काळात त्याच्यावर तिथल्या तज्ज्ञांची देखरेख असते. प्रश्न तोच विचारा, फक्त नाव बदलून: इथले सर्जन कोण आणि ते थिएटरमध्ये असतील का?

18. घरी आल्यावर टाक्यांशी लाल झालंय. पीजीचा मोबाइल नंबर आहे, त्याला फोटो पाठवू का?

पाठवा, पण त्यावर विसंबून राहू नका. तो ड्यूटीवर असेल, झोपला असेल किंवा दुसऱ्या ठिकाणी बदलून गेला असेल. ताप, पू, वाढतं दुखणं, पोट फुगणं, उलट्या किंवा कावीळ यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डिस्चार्ज कार्ड घेऊन या. दिवसा युनिटच्या ओपीडीत, रात्री कॅज्युअल्टीत. कार्डावर युनिटचं नाव आणि ओपीडीचा वार लिहिलेला आहे का ते घरी निघण्यापूर्वीच बघा. नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या.